लोखंडाचा नांगर आणि दिलेला शब्द

रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले की सातारा-सांगलीच्या बाजारपेठेत मुस्लिम दुकानदारांच्या गल्ल्याजवळ एक वेगळा हिशेब सुरू होतो. दुकानातला माल, हातातली रोकड, घरातले सोने आणि लोकांकडून येणारी उधारी यांची बेरीज होते. त्यातून स्वतःचे देणे वजा होते. जे उरले ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि त्यावर वर्ष उलटले असेल, तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून बाजूला निघतो. हा गरिबांवर केलेला उपकार मानला जात नाही. तो त्यांचा हक्क असतो आणि व्यापाऱ्याच्या तिजोरीत तो फक्त सांभाळायला ठेवलेला असतो.

या वहीत एक रकाना मात्र नसतो. तो दिलेल्या शब्दाचा. कुणाला मदतीचे वचन दिले, ते अजून पाळले नाही, तर ते देणे कुठे मांडायचे? इस्लामची शिकवण अशी की वचनाचीही एक दिवस विचारणा होणार आहे. प्रेषित मुहम्मद पैगंबर (स.) स्वतः व्यापारी होते आणि पैगंबरी मिळण्यापूर्वीच मक्केतले लोक त्यांना अमीन, म्हणजे विश्वासू, या नावाने ओळखत होते.

सातारा जिल्ह्याच्या इतिहासात एका मोठ्या व्यापाऱ्याच्या अशाच शब्दाची गोष्ट आहे. तो व्यापारी मुस्लिम नव्हता, हिंदूही नव्हता. मूठभर पारशी घरे असलेल्या गावातला तो पारशी. त्याने शेतकऱ्याच्या हातात लोखंडी नांगर दिला, शेतकऱ्यांच्या मतांवर राजकारण केले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचा पहिला पंतप्रधान झाला. त्याचे नाव खान बहादूर सर धनजीशहा बोमनजी कूपर.

आगगाडीच्या वाटेवरचे कारखाने

धनजीशहांचा जन्म १८७८ चा. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा. इंग्रजी अमदानीत पारशी कुटुंबांनी धंद्यावरून अशी अनेक आडनावे घेतली. इंजिनिअर, काँट्रॅक्टर ही त्यातलीच. धनजीशहांनी मात्र नाव कमावले ते लोखंडात.

त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कूपर यांची गोष्ट जितकी साताऱ्याची, तितकीच सांगलीचीही.

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी या सगळ्या मुलखाला जोडत होती आणि या भागातले पहिले कारखाने तिच्याच कडेने उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळ, औंध संस्थानच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. तिसरा कारखाना कूपर यांचा. कोरेगाव तालुक्यात पाडळीजवळ, जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूला सातारा रोड हे स्टेशन आहे. तिथे १९२२ मध्ये त्यांनी लोखंडाचा ओतीव कारखाना सुरू केला. त्यातून बाहेर पडू लागले लोखंडी नांगर.

आज नांगर ही साधी गोष्ट वाटते. तेव्हा ती तशी नव्हती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की त्याच्या मुळांपर्यंत तो पोचायचाच नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जायचा, माती उलटी करायचा, मुळे उन्हात आणायचा. तरीही शेतकऱ्याला तो पटेना. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, अशी भीती होती. किर्लोस्करांना आपले पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे नांगर घडवणे हे निम्मेच काम होते. उरलेले निम्मे काम शेतकऱ्याचा विश्वास मिळवण्याचे होते.

कुराणातल्या एका सुरेचे नावच हदीद, म्हणजे लोखंड, असे आहे. लोखंडात मोठी ताकद आहे आणि माणसांसाठी अनेक फायदे आहेत, असा तिचा आशय. त्याच लोखंडाची तलवार होते आणि त्याचाच फाळही होतो. सातारा रोडच्या भट्टीत फाळ होत होता, आणि ज्या मुलखातल्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिले होते, त्या मुलखाला त्याची गरज होती.

पुढे, १९३० नंतर, याच कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. भारतात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत कूपरच्या इंजिनाची गणना होते. विहिरीवर मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे इंजिन म्हणजे न थकणारी बैलजोडी होती. पाणी उपसायला, उसाचा चरक फिरवायला, पिठाची गिरणी चालवायला अशी इंजिने आली, तेव्हा गावाच्या कामाची रीतच बदलली.

नांगर विकणारा माणूस

शेतकऱ्याचा विश्वास मिळवण्याच्या कामासाठी कूपर यांना एक विलक्षण माणूस मिळाला. भाऊराव पायगौंडा पाटील. जन्म कुंभोजचा, घराणे ऐतवडे बुद्रुकचे, धर्म जैन. शिक्षण अर्धवट राहिलेले, पण खेड्यातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याची हातोटी अशी की भाऊराव ज्या गावात जात, ते गाव त्यांचे होऊन जाई. त्यांनी ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले आणि मग ते कूपर यांच्याबरोबर आले. सातारा रोडचा कारखाना उभा करण्यात आणि त्याचा नांगर बांधापर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

भाऊरावांच्या फिरतीचा खरा हेतू मात्र दुसराच होता. गावोगाव फिरताना त्यांना दिसत होती ती न शिकलेली मुले. दुधगावात त्यांनी तरुणपणी मुलांच्या वसतिगृहाच्या कामात हात घातला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशी सगळी मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मुलांना जेवू घालायचे तर पैसा हवा. भाऊरावांच्या चरित्रांत सांगितलेली हकीकत अशी की कारखाना नीट चालू लागला की संस्थेला भरघोस मदत देईन, असा शब्द कूपर यांनी दिला होता. भाऊराव त्या भरवशावर राबले. नांगर खपू लागले, कारखाना चालू लागला. शब्द मात्र पुढे ढकलला जाऊ लागला आणि शेवटी तो पाळला गेलाच नाही.

भाऊराव तापट होते. स्वतःचा पगार बुडाला असता तर कदाचित त्यांनी सोडून दिले असते. पण हा घास वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडचा होता. संतापाच्या भरात ते हत्यार घेऊन कूपर यांना मारायला निघाले, ही गोष्ट साताऱ्यात आजही सांगितली जाते. जवळच्या माणसांनी त्यांना आवरले. या हातांनी एक माणूस मारायचा की हजार मुले शिकवायची, असाच तो प्रश्न होता. भाऊराव माघारी फिरले. त्यांनी कूपर यांची नोकरी सोडली आणि पुन्हा कुणाच्या एकट्याच्या भरवशावर संस्था ठेवली नाही.

वसतिगृह चालले ते घरातल्या सोन्यावर आणि गावच्या धान्यावर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने एकेक करून दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. गावोगावच्या बायकांनी जात्यावर दळण बसवताना एक मूठ धान्य रयतेच्या मुलांसाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. एका श्रीमंताने जे दिले नाही, ते हजारो गरिबांनी मुठीमुठीने दिले.

लोकल बोर्डापासून मुंबईपर्यंत

इकडे कूपर यांची वाट कारखान्याकडून सत्तेकडे वळली होती. १९२० नंतरच्या सातारा जिल्ह्यात सत्यशोधक विचाराने खेडी ढवळून निघाली होती. ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला होता आणि कूपर साताऱ्यात त्याचे पुढारी झाले. जिल्हा लोकल बोर्ड हे तेव्हाचे मोठे सत्ताकेंद्र. शाळा, रस्ते, दवाखाने सगळे त्याच्याकडे. त्या बोर्डाच्या राजकारणावर कूपर यांची अनेक वर्षे पकड होती.

यात एक गोष्ट आजच्या वाचकाने थांबून पाहावी अशी आहे. पारशी समाजाची मते मोजून साताऱ्यात कुणी निवडून येणे शक्यच नव्हते. कूपर यांच्यामागे होता तो प्रामुख्याने मराठा आणि इतर शेतकरी समाज. मुस्लिमांसाठी तेव्हा वेगळे मतदारसंघ होते. पारशांसाठी नव्हते. म्हणजे जो माणूस धर्माने, खाण्यापिण्याने, घरातल्या भाषेने वेगळा, त्याला कुणब्यांनी आपला पुढारी मानले. त्याला त्यांनी ओळखले होते ते नांगरावरून आणि बोर्डाच्या कामावरून.

सरकारदरबारीही त्यांचे वजन वाढत गेले. आधी खान बहादूर हा किताब मिळाला. इंग्रज सरकार हिंदूंना राव बहादूर करत असे आणि मुस्लिमांना व पारशांना खान बहादूर. त्यामुळे नाव ऐकून अनेकांना धनजीशहा मुस्लिम वाटत. पुढे सर ही पदवी आली. १९३० नंतरच्या दशकात ते मुंबई प्रांताच्या सरकारात मंत्री झाले आणि गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातही बसले.

साडेतीन महिन्यांचे राज्य

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वतःचे मंत्रिमंडळ मिळाले. १९३७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी सुमारे निम्म्या काँग्रेसने जिंकल्या आणि तो सगळ्यात मोठा पक्ष ठरला. पण काँग्रेसची एक अट होती. कायद्याने गव्हर्नरला काही खास अधिकार दिले होते. ते वापरून मंत्र्यांच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही, असे आश्वासन गव्हर्नरने द्यावे. ते मिळाले नाही, म्हणून काँग्रेसने मंत्रिपदे नाकारली.

नवा कायदा तर १ एप्रिलला लागू व्हायचा होता. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी साताऱ्याच्या धनजीशहा कूपर यांना बोलावले. कूपर यांनी होकार दिला. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता, धारवाडकडचे सर सिद्दप्पा कांबळी आणि मुंबईचे हुसेनअली रहिमतुल्ला होते. एक पारशी, एक गुजराती हिंदू, एक कानडी लिंगायत आणि एक मुस्लिम. कागदावर हे मंत्रिमंडळ प्रांताचे चित्रच होते. उणीव एकच होती, आणि ती सगळ्यात मोठी होती. विधानसभेत त्यांच्यामागे बहुमत नव्हते.

ज्या दिवशी त्यांनी सूत्रे घेतली, त्याच दिवशी, १ एप्रिलला, काँग्रेसने नव्या घटनेच्या निषेधार्थ देशभर हरताळ पाळला. मुंबई प्रांतातच असे घडले असेही नाही. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये महंमद युनूस, मद्रासेत कूर्मा वेंकट रेड्डी नायडू अशीच हंगामी मंत्रिमंडळे चालवत होते. लोकांनी या सगळ्यांना औटघटकेचे राजे ठरवले.

उन्हाळा संपता संपता सरकार आणि काँग्रेस यांच्यातली कोंडी फुटली. जुलैत वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने मंत्रिपदे घ्यायचे ठरवले. कूपर यांनी राजीनामा दिला आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेतली. सगळा कारभार एकशे दहा दिवसांचा.

या होकाराकडे दोन नजरांनी पाहता येते. एक नजर म्हणते, लोकांनी ज्यांना निवडले ते बाहेर असताना गव्हर्नरच्या बोलावण्यावर खुर्चीत बसणे हे लोकांच्या विश्वासाला धरून नव्हते. दुसरी म्हणते, कुणीतरी कारभार चालवायलाच हवा होता, आणि वेळ आली तेव्हा कूपर खुर्चीला चिकटून न बसता उठले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. खुर्ची ही इस्लामी शिकवणीत अमानत मानली जाते, ज्याची त्याला परत द्यायची ठेव. लोकांनी कूपर यांच्याकडे ती ठेव सोपवली नव्हती, हे खरे. तिचे मालक दारात आले तेव्हा त्यांनी ती अडवून धरली नाही, हेही खरे.

यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण ही राज्याच्या प्रमुखपदी पोचलेली सातारा-सांगलीची नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभे असलेले धनजीशहांचे नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाबाहेर क्वचितच निघते.

अखेरची वर्षे

सत्ता गेली तशी कारखान्याची मालकीही फार काळ राहिली नाही. १९४० च्या सुमारास सातारा रोडचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. कूपर हे नाव मात्र टिकले आणि साताऱ्याच्या उद्योगात ते आजही ऐकू येते. १९४२ नंतर याच जिल्ह्यात, कुंडल आणि वाळव्याच्या पट्ट्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ज्या शेतकऱ्यांच्या मतांवर कूपर यांचे राजकारण चालले, त्यांची मुले आता इंग्रज सरकारच नाकारत होती. खान बहादूर आणि सर या किताबांचा काळ संपला होता.

जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्य अवघ्या काही दिवसांवर आलेले असताना, धनजीशहा कूपर यांचे निधन झाले. त्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. मुठीमुठीच्या धान्यावर चाललेली संस्था वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत पोचली होती.

मयताचे देणे

रोजा म्हणजे नुसती उपासमार नव्हे. जिभेचाही रोजा असतो. पाठीमागे कुणाची निंदा केली की रोजाचे पुण्य झडते, आणि गेलेल्या माणसाचे तर चांगलेच आठवावे, अशी शिकवण आहे. मग कूपर यांची ही गोष्ट रमजानमध्ये सांगावी का?

सांगावी, पण पुरी सांगावी. मोडलेल्या शब्दाबरोबर सातारा रोडची भट्टीही सांगावी. हरळीने गिळलेली किती राने तिथल्या फाळाने मोकळी केली असतील, किती विहिरींवर तिथले इंजिन धडधडले असेल, किती घरांची चूल त्या कारखान्याच्या मजुरीवर पेटली असेल. हेही कूपर यांच्याच खात्यावर जमा आहे. पारशी धर्म चांगला विचार, चांगले बोलणे आणि चांगली कृती या तीन गोष्टींवर उभा आहे. कूपर यांच्या कृतीने हजारोंचे भले केले. एका ठिकाणी बोलणे आणि कृती यांची गाठ सुटली, आणि गावाच्या आठवणीत राहिली ती तेवढीच एक जागा.

मुस्लिम घरात कुणी गेले की जनाजाच्या वेळी घरातला वडीलधारा माणूस पुढे येऊन जमलेल्यांना सांगतो, मयताकडे कुणाचे काही येणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. वारसांच्या वाटण्या नंतर होतात. कर्ज आधी फिटावे लागते. माणसाने मागे ठेवलेल्या इस्टेटीवर पहिला हक्क त्याच्या देण्याचा असतो, मुलांचा नाही.

कूपर यांच्या त्या शब्दाचे देणे कुणी फेडले असेल, तर ते लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांनी आणि जात्यावर बसलेल्या बायकांच्या मुठींनी. यात भाऊरावांचेही देणे येते. त्यांनी रागाचे हत्यार खाली ठेवले आणि तो राग कामात घातला. राग गिळणे आणि क्षमा करणे याला कुराणाने मोठे स्थान दिले आहे. भाऊरावांनी क्षमा केली की नाही, ते त्यांचे त्यांना ठाऊक. राग मात्र त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

यंदाही ईदच्या आधी बाजारपेठेत जकातीचा हिशेब होईल. मदरशाला, दवाखान्याला, एखाद्या हुशार मुलीच्या फीला रकमा जातील. त्यांच्याबरोबर वर्षभरात दिलेले शब्दही आठवावेत. नोकराला कबूल केलेली पगारवाढ, बहिणीला देऊ केलेला हिस्सा, शाळेच्या सभेत टाळ्यांच्या गजरात जाहीर केलेली देणगी. ही देणी शेकडा अडीचने फिटत नाहीत. ती पुरीच द्यावी लागतात, आणि जिवंतपणी आपल्या हाताने देता आली तर जनाजाच्या वेळी वारसाला विचारावी लागत नाहीत.